अण्णांच्या नावानं कोण बसलंय

ज्या दिवशी माझे पती गेले, त्या दिवशी सकाळी त्यांनी घरच्या लॅपटॉपवरून मिलचा संगणक जोडून घेतला होता. ते चहा प्यायला उठले, ओसरीवर बसले आणि गेले. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे संध्याकाळी त्यांना शेतात पुरलं. ते कनेक्शन कोणी बंद केलं नाही.

कर्नाटकात हुमनाबादजवळच्या एका डाळ मिलचं ऑफिस ते सांभाळत; तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणत. आम्ही राहतो हळ्ळीखेडला. घरून काम करता यावं म्हणून त्यांनी मिलमध्ये गेटवे बसवला होता. गेटवे म्हणजे बाहेरून येणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड तपासून त्याला आत सोडणारी व्यवस्था. मालकांना आणि मुनिमांना त्यांनी वेगळी नावं दिली होती. दोघेही आपापले पासवर्ड विसरले आणि यांचाच वापरू लागले. हे चिडत. आमच्या घराची किल्ली दाराशेजारच्या देवळीत असते आणि साऱ्या गल्लीला ते ठाऊक आहे, त्यावरही असेच चिडत. सासूबाई म्हणायच्या, "चोराला ठाव नसलं म्हंजे झालं."

गेटवे जुना झालाय, बदलायला हवा, असं ते तुरीच्या प्रत्येक हंगामाआधी म्हणत. हंगाम सुरू झाला की राहून जाई.

ते गेल्यावर बिलांचं काम मालकांनी मला दिलं. मीही त्यांच्याच नावाने आत गेले. पडदा त्यांनी सोडला तसाच समोर आला. डाळीच्या पोत्यावर लावायचं लेबल ते करत होते. वरची कन्नड ओळ पुरी होती. खाली मराठीत 'तूर डा' एवढंच होतं आणि पुढे कर्सर लुकलुकत होता. मुनीम ती खिडकी खाली सारून आपलं काम करत. बंद मात्र त्यांनीही केली नव्हती. काम न करता बसून राहिलेल्याला बाहेर काढावं, असा जुन्या गेटवेचा नियम नव्हता. मिलला इन्व्हर्टर आहे, त्यामुळे यंत्र कधी बंद पडलं नाही. सोमवारी मुनीम त्याच्या कपाटाला विभूती लावत.

एका नावाने एका वेळी एकालाच बसता येतं. दुसरं कोणी आलं की पहिला बाहेर फेकला जातो. हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली, की या नावाने दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश झाला आहे. मी उठून ओसरीवर जाऊन पाहिलं. तिथे सासूबाई शेंगा सोलत होत्या.

नंतर कळलं, मुनीम होते. पण कळल्याने फारसा फरक पडला नाही. पडदा काळा झाला की मी लगेच परत आत जात नसे. थोडी थांबत असे. यांचं काम होऊ द्यावं म्हणून.

"कामून बसायलीस काळ्या पडद्यापुढं?" सासूबाई एकदा म्हणाल्या. "आपल्यात भूतखेत न्हाई. लिंगैक्य झाला माणूस, संपलं." त्यांनी मुलगा गमावला होता.

एका दुपारी मुनिमांचा फोन आला.

"वैनी, तुमी आत हाव का? मला भाईर फेकलं."

"मी न्हाई. मी जेवायला बसलेय. मालक असतील."

"मालक हितंच हैत माझ्यापुढं, पान खायलेत."

मागून मालकांचा आवाज आला, "मग अण्णाच असतील की! गेले तरी ड्यूटी सोडंनात."

मुनीम हसले. मी फोन ठेवला.

हात धुऊन मी आत गेले. लेबलाची खिडकी, जी नेहमी खाली सारलेली असे, ती वर आली होती. मी पडद्यावर हात ठेवला.

पुढच्या अमावस्येला, मिल बंद असते म्हणून, मालकांनी कलबुर्गीहून एका माणसाला गेटवे बदलायला बोलावलं. सगळी माहिती सांगायला मीही गेले. नव्या गेटवेत प्रत्येकाला आपलं नाव, फोनवर येणारा आकडा, आणि बसून राहिलेल्याला थोड्या वेळाने बाहेर, हे सारं आधीपासूनच ठरलेलं असतं, असं त्याने सांगितलं. यंत्राकडे पाहत तो म्हणाला, "अक्का, हे एक साहेब अजून आतच हैत. फोन लावा की त्यांना, भाईर पडा म्हणावं."

मालक खाली बघू लागले. मीच म्हणाले, "ते माझे यजमान. वारले."

तो उठून उभा राहिला. "चुकलं अक्का." मग यंत्रातल्या नोंदी बघून, जपून म्हणाला, "पण या नावानं भाईरचा कुणीतरी आत यायलाय. तुमच्यातला न्हाई. लांबचा हाय."

"काय नेलं त्यानं?" मालकांनी विचारलं.

"नेल्यालं काय दिसंना. नुसतं यायलाय, बघायलाय, जायलाय."

मी ज्याच्यासाठी थांबत होते, तो हा होता. ते अर्धं लेबल त्याने उघडून पाहिलं होतं.

मालक माझ्याशी हळू बोलले, "वैनी, अण्णांचं नाव तेवढं नियमातनं वगळून ठेवता येतंय म्हणं. तुमी म्हणाल तसं."

मला ते ठेवायचं होतं. अजूनही वाटतं, ठेवायचं होतं. मग देवळीतली किल्ली आठवली आणि तिच्यावरून चिडलेला त्यांचा चेहरा. वर्षभरात तो इतका स्पष्ट आठवला नव्हता.

"नको," मी म्हणाले. "मी काढते त्यांना बाहेर."

त्यांच्या खुर्चीत बसून मी शेवटचं त्यांच्या नावाने आत गेले. बाहेर पडण्याचं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, लेबल साठवायचं का. मी हो म्हटलं. पडदा निळा झाला, मग त्यावर काही नव्हतं. त्या माणसाने कामाला सुरुवात केली. मालकांनी चहा मागवला.

घरी आल्यावर देवळीतली किल्ली मी काढून घेतली. सासूबाईंनी पाहिलं.

आता मी माझ्या नावाने आत जाते. फोनवर आकडा येतो, तो घालते. काम करताना पडदा काळा होत नाही. लेबलाची फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात 'तूर डा' एवढंच लिहिलेलं आहे.