घरच्यांना प्रवेश नाही

आमच्या नानांच्या जानव्याला दोन किल्ल्या असायच्या. एक कपाटाची आणि दुसरी, बुटकी, गोल तोंडाची, चक्क कॉम्प्युटरची! तेव्हाच्या कॉम्प्युटरला कुलूप असायचं. आंघोळीलासुद्धा ती त्यांच्याबरोबर जायची. नाना म्हणजे माझे सासरे. कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी हे यंत्र आणून ठेवलं. अहो, तेव्हा आख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकाच घरी होता, आणि आमच्याकडे कॉम्प्युटर!

पहिले काही दिवस कुणालाच बंदी नव्हती. पण दसरा आला. आमच्या सासूबाई दसऱ्याला विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याची पूजा करायच्या. त्यांनी कॉम्प्युटरचीही साग्रसंगीत केली. हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि झेंडूचं फूल खाली पडत होतं म्हणून फ्लॉपीच्या फटीत नीट खोचून ठेवलं. नानांनी बटण दाबल्यावर आतून जी घरघर सुरू झाली! दुरुस्तीवाला आला, त्याने पेटी उघडून उलटी केली आणि मूठभर अक्षता जमिनीवर सांडल्या. "आजी, नैवेद्य तेवढा राहिला," तो म्हणाला. आम्ही हसून हसून बेजार. नाना नाही हसले. त्याच संध्याकाळी स्केचपेनने लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी लागली, 'घरच्यांना प्रवेश नाही'.

ती पाटी सगळ्यांना सारखीच लागू. माझ्या नवऱ्याने एकदा फडक्याने नुसता कीबोर्ड पुसला, तर नाना कडाडले, "माझी धूळ मी पुसतो!" बत्तीस वर्षांचा माणूस मुकाट्याने फडकं ठेवून बाहेर गेला. आणि गंमत बघा, दुपारी तीन वाजता कॉलनीतली मुलं यायची, त्यांना हेच नाना लोण्यासारखे मऊ होऊन शिकवायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "बाहेरचा विचारून हात लावतो. घरचा आधी हात लावतो, मग विचारतो."

अशात ठाण्याला, नौपाड्यातल्या एका ऑफिसात मला मुलाखतीला बोलावलं. सगळं छान झालं, शेवटी साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर शिकून महिन्याभराने या, जागा ठेवतो." मला ती नोकरी हवी होती हो! बी. कॉम. होऊन चार वर्षं मी पोळ्याच लाटत होते. धावत घरी आले आणि नानांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पाटी वाचता येते ना?"

असा संताप आला! स्वयंपाकघरात भांडी आदळली, रडून घेतलं. मग एकदम डोक्यात काहीतरी चमकलं.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं असताना मी चांगली साडी नेसले, पर्स घेतली, चपला घातल्या आणि मागे दार ओढून घेतलं. दोन जिने उतरले. परत चढले. बेल वाजवली.

नानांनी दार उघडलं. "काय गं, काही विसरलीस?"

"नमस्कार, सर. इथे कॉम्प्युटर शिकवतात असं कळलं. प्रवेश मिळेल का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. मिशी जराशी हलली. आत जाऊन ते वही घेऊन आले. "नाव काय आपलं?"

मी पूर्ण नाव सांगितलं, त्यांच्याच आडनावासकट.

"कुठे राहता?"

"इथेच, जवळच."

"मग उशीर चालणार नाही," म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. स्वयंपाकघरात सासूबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

महिनाभर रोज जिने उतरून चढले. वर्गात मी 'आपण'. चुकले की "लक्ष कुठे आहे आपलं?" वर्ग सुटला की बाहेर जाऊन परत आत यायचं, की लगेच, "सूनबाई, चहा टाक." नोकरी लागली त्या दिवशी मी बेल वाजवूनच पेढे दिले. सरांनी दोन खाल्ले, आणि आत आल्यावर सासऱ्यांनी आणखी एक मागितला!

पुढे ते यंत्र भंगारात गेलं. किल्ली मात्र जानव्यालाच राहिली. काही वर्षांनी मी माझ्या पगारातून नवा कॉम्प्युटर घेतला, रंगीत पडद्याचा, माऊसवाला. ऑफिसचं काम त्यात, आणि घरात लेक उपद्व्यापी. मी ठेवणीतली तीच पाटी काढून लावली. नाना खुर्चीत बसून लांबूनच बघायचे. मी कामाच्या नादात होते. त्यांनाही हात लावावासा वाटत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आजही त्याचं वाईट वाटतं.

एका रविवारी दुपारी तीनला बेल वाजली. दार उघडलं तर नाना! कधी बाहेर पडले कळलंच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, काखेत वही. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने उतरून परत चढले होते. धाप लागली होती.

"नमस्कार, मॅडम. प्रवेश मिळेल का?"

त्यांना तिथेच मिठी मारावी असं वाटलं. पण सरांनी शिस्त लावली होती. मी विचारलं, "नाव काय आपलं?"

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. माझ्याच आडनावासकट.

"कुठे राहता?"

"इथेच," नाना म्हणाले. "जवळच."