केशरी तूस

आमचे सर पांढरा कोट फक्त फोटोपुरता घालायचे. तो इस्त्री करून खुंटीला टांगलेला असे. वर्तमानपत्राचा माणूस आला की सर कोट चढवत आणि परीक्षानळी उजेडात धरून भुवया आकसत. नळीत पाणी असायचं, ते मीच भरून ठेवायचे. उंदराला मात्र मी त्यांना कधी हात लावताना पाहिलं नाही. फार पूर्वी एकदा एक उंदीर त्यांना चावला होता म्हणे. त्या उंदराबद्दल मला आजही आदर आहे.

सर म्हणजे औषधशास्त्रातलं मोठं प्रस्थ. तरुणपणी पुण्याहून बंगळूरला आले, हेब्बाळच्या बाजूच्या एका संशोधन संस्थेत विभागप्रमुख झाले आणि एका रानटी झुडपाच्या मुळातून त्यांनी वेदना कमी करणारं द्रव्य काढलं. पुढची सगळी कारकीर्द ते त्या एका मुळावर जगले. पदकं, समित्या, परदेशच्या वाऱ्या, सगळं त्या मुळाचं. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी त्यांचं भाषण ठरलेलं, आणि त्यात ‘संशोधकाने स्वतःवरही विश्वास ठेवू नये’ हे वाक्यही ठरलेलं. माझे वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. ते पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे. मी त्याच सरांकडे पीएच.डी. करते याचा त्यांना केवढा अभिमान होता.

त्या मुळाची परीक्षा अशी असे. काही उंदरांना औषध द्यायचं, काहींना नुसतं पाणी. मग एकेकाला तापलेल्या तव्यासारख्या पट्टीवर ठेवायचं. उंदराने पाय चाटला की त्याला चटका जाणवला असं धरून घड्याळ थांबवायचं आणि त्याला लगेच उचलायचं. औषध लागू पडलं तर पाय उशिरा चाटला जाणार. घड्याळ धरणाऱ्याला कुठल्या उंदराला काय दिलंय हे कळता कामा नये, नाहीतर डोळ्याला हवं तेच दिसतं. म्हणून पिंजऱ्यांवर नुसती अक्षरं असत आणि अक्षरांची यादी पाकिटात. सर ते पाकीट स्वतः लाखेने बंद करायचे. मेणबत्ती पेटवायची, लाख वितळवायची, वर अंगठीचा ठसा. आम्ही विद्यार्थी सत्यनारायणाला बसल्यासारखे भोवती उभे. मग उंदीर आम्ही धरायचे आणि घड्याळ सरांनी.

दुसऱ्या वर्षी मी पिंजरे साफ करत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या मुळाच्या औषधाने उंदरांची लघवी केशरी होते. पिंजऱ्यात भाताचं तूस पसरलेलं असतं, ते औषधवाल्या पिंजऱ्यांत झेंडूच्या पाकळ्यांसारखं दिसायचं. कुणाला काय दिलंय हे दारातूनच कळत होतं. तिकडे पाकिटाला लाख, आणि इकडे हा उघडा बाजार. केशरी पिंजऱ्यातला उंदीर पट्टीवर आला की सरांचा अंगठा जरा विचारात पडायचा. ते मुद्दाम करायचे असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायलाही आधी तूस दिसावं लागतं, आणि सर पिंजऱ्यांकडे नीट बघायचेच नाहीत; डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं दिसे, तेवढं अंगठ्याला पुरे.

मी सगळ्या उंदरांना ताज्या तुसात हलवलं आणि शेजारच्या विभागातल्या, काहीच माहीत नसलेल्या मैत्रिणीच्या हाती घड्याळ दिलं. दोन्ही गट सारखेच निघाले. मुळाचा गुण गेला तो गेलाच.

आकडे घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवला. मग चष्मा पुसत म्हणाले, “अगं, तुला डिग्री हवीय की नवा प्रश्न?”

मला डिग्री हवी होती. प्रबंधात मी सरांच्या घड्याळाचेच आकडे घातले आणि लिहिलं की निरीक्षकाला गट ठाऊक नव्हते. खाली सही केली. वडिलांनी पेढे वाटले.

आज मी त्याच संस्थेत आहे, आणि परवापर्यंत माझ्या हाताखाली नागपूरची एक मुलगी पीएच.डी. करत होती. विषय सरांचंच मूळ. त्याचं नाव प्रस्तावात घातलं की समितीतली सरांची माणसं डोळे मिटून मंजुरी देतात, हे मला ठाऊक होतं. आता प्राणिगृहाचे नियम कडक आहेत. तूस रोज बदलतात आणि पाय चाटल्याची वेळ कॅमेरा टिपतो. त्यामुळे तिला काहीच मिळत नव्हतं. चौथी बॅच झाली, मुदत संपत आली, तरी औषध आणि पाणी सारखंच.

एका दुपारी ती आली. म्हणाली की तिचाच हात वाईट आहे, ती सोडतेय, बोम्मसंद्र्याच्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासायचं काम मिळतंय. मला राहवलं नाही. दार लावून मी तिला तुसाची सगळी गोष्ट सांगितली.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही लिहून दिलं तर माझा थिसिस वाचेल. औषध चालत नाही, हाच रिझल्ट होईल.”

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण पुढच्याच महिन्यात सरांचा अमृतमहोत्सवी सत्कार होता आणि स्वागताचं भाषण माझ्याकडे होतं. मी म्हणाले, “समारंभ होऊन जाऊ दे. मग बघू.”

“सरी, मॅडम,” इथल्या कानडीत ‘बरं’ म्हणतात तसं, एवढंच बोलून ती उठली. सत्काराच्या आधीच तिने पीएच.डी. सोडली.

जाताना तिने चारही बॅचच्या वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. आकड्यांच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणं होती. आज औषध कमी भरलं गेलं असेल. उंदीर नीट धरला नाही. रात्री झोप झाली नव्हती, त्यामुळे असेल. पानामागून पान तिने दोष स्वतःलाच दिला होता. पहिल्या वहीच्या शेवटी लिहिलं होतं, ‘औषधातच गुण नसेल का? मॅडमना विचारायचं.’

तिने विचारलं होतं. मी तिला म्हणाले होते, हात सुधार आणि पुन्हा करून बघ.