शेवटचा कॉम्प्युटर

एक मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. बेचाळीस वर्षांची, चांगली शिकलीसवरलेली, दोन मुलांची आई असताना मी मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला सांगून आले, "ह्याच्यानंतर आणखी नवीन येणार नाही असा, शेवटचा कॉम्प्युटर आला की मला फोन करा."

थट्टा नव्हती हो ती. मनापासून सांगितलं होतं. दुकानदार पोरगेलासा होता, नुकतंच दुकान टाकलेलं. तो हसला नाही. वहीत माझा नंबर लिहिला, पुढे 'शेवटचा' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाला, "हो काकू, कळवतो." मी पायऱ्या उतरले त्या अशा तोऱ्यात, जशी काही आख्ख्या रत्नागिरीत फसवली न जाणारी मी एकटीच.

त्या बाईची आता मला कीव येत नाही, रागच येतो. काय तिचा तो शहाणपणा!

मी तेव्हा घरबसल्या मुद्रितं तपासत असे. बाजारातल्या एका छापखान्याच्या लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, शाळांचे अहवाल, सगळं माझ्या लाल पेनाखालून जाई. छापखान्याचे मालक वयस्कर. खिळे जुळवणाऱ्या त्यांच्या माणसाची दृष्टी गेली, आणि ते स्वतः आमच्या घरी आले. ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं शुद्धलेखन माझ्या भरवशाचं. तुळशीच्या लग्नाआधी कॉम्प्युटर घ्या. यंदाच्या लग्नसराईच्या सगळ्या पत्रिका टाइप करायला तुमच्याकडे."

माझ्या आयुष्यात कुणी मला असं काही देऊ केलं होतं ते तेव्हाच. नवऱ्याच्या नावावर नव्हे, सासरच्या नव्हे, माझ्या. माझं टेबल, माझं काम. मी त्या दिवशी पोहे करताना मीठ दोनदा घातलं, इतकी हवेत होते.

आणि मग काय केलं? थांबले.

थांबायला कोकणात कारणं काही कमी नाहीत. पाऊस होता, म्हणजे हवा दमट, मशीन गंजेल. पाऊस जातो तर गणपती, मुंबईची माणसं येणार, ठेवायचा कुठे? गणपती गेले तर पितृपक्ष, त्यात कोण नवी वस्तू घरात आणतो? दसऱ्याला घ्यावा तर आमचे हे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला, तिथला त्यांचा एक मित्र मोठा जाणकार. त्याने सांगितलं, दुप्पट वेगाचा येतोय. ह्यांनी घरी येऊन ते असं सांगितलं, जसं काही तो बंदराला लागलाय आणि उतरवून घ्यायचाच काय तो उरलाय.

"अगो, थोडी कळ काढ. आत्ता घेतलास तर वर्षात भंगार."

मीही मान डोलावली. ह्यांच्यावर ढकलता आलं असतं, पण खरं सांगते, ह्यांनी नुसता हात लावला. गाडी माझीच उताराला होती.

बरं, मी काही रिकामी बसले नव्हते. कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचा दोन महिन्यांचा कोर्स केला होता. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, सराव सोडू नका. म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कीबोर्ड काढला. पट्टी घेऊन, एकेक चौकोन आखून, त्यात अक्षरं भरून. तो जेवणाच्या टेबलावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवायच्या आणि टाइप करत सुटायचं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून.' 'आप्तेष्टांसह अगत्य येण्याचे करावे.' काय तो वेग! मुलं शाळेतून आली की बघत उभी राहायची. धाकटा एकदा म्हणाला, "आई, एवढं लिहिलंस, कुठे दिसत नाही ते?" त्याला धपाटा मिळाला.

कागदावर माझ्या हातून एकही चूक होत नसे. नीट ऐका हं, एकही नाही.

माझ्याबरोबर कोर्सला शेजारीण होती. तिचं टायपिंग म्हणजे कोंबडीने दाणे टिपावेत तसं. तिने दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कुणा बँकेतल्या माणसाकडून वापरलेला कॉम्प्युटर उचलून आणला. त्याचा पडदा कडेने फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा पडलेला. मी बघायला गेले, आणि निघताना म्हटलं, "छान आहे हो. पूजा करायची की कामही करायचंय?"

ती हसली. "अगो, चालतोय तोवर चालवते. बंद पडला की बघू."

तुळशीचं लग्न लागलं. छापखान्याचे मालक पुन्हा आले, ह्या खेपेला अंगणातूनच. मी सांगितलं, "जरा थांबलेय. नवीन येतोय ना."

"वहिनी," ते म्हणाले, "लग्नं ठरलीत. ती थांबायची नाहीत." आणि तसेच कुंपण ओलांडून शेजारणीकडे गेले.

त्या लग्नसराईत तिने केलेल्या पत्रिका तपासायला माझ्याकडेच यायच्या. मी लाल पेन घेऊन अशी बसायची, की बिचाऱ्या कागदाला घाम फुटावा. तिने 'वधू'चा धू ऱ्हस्व केला. 'स्नेहभोजन'मधला ह खाल्ला. एका पत्रिकेत तर वरपित्याच्या नावाआधी 'कै.' घातलं, तो माणूस चांगला हिंडताफिरता असताना. मी घरभर ते कागद नाचवले. ह्यांना वाचून दाखवले, मुलांना वाचून दाखवले. माझ्यासारखी सुखी बाई नव्हती त्या पौषात.

माघात चुका कमी झाल्या. फाल्गुनात एक गठ्ठा आला त्यात शोधून शोधून मला एक अनुस्वार सापडला. चैत्रात गठ्ठाच आला नाही. मालकांनी निरोप धाडला, "आता तपासायची गरज पडत नाही."

एवढंच झालं. माझ्याच लाल पेनाने तिला शिकवलं आणि माझं काम संपलं. कॅलेंडरच्या पाठीवर मी तेव्हाही चुकत नव्हते.

कॉम्प्युटर मी घेतला, पण त्यानंतर आणखी दोन वर्षांनी. घरी आणला, हात ठेवला, तर मराठी कीबोर्डवरची अक्षरं भलतीकडेच! मधल्या काळात मांडणी बदलली होती. मी 'श्री' मारला आणि पडद्यावर काहीतरी निराळंच उमटलं. कागदावर कमावलेला सगळा वेग सुपाऱ्यांबरोबर डब्यात गेला. त्या कॉम्प्युटरवर मुलं पत्ते खेळली.

हे सगळं उगाळायचं कारण, आमची नात. तिचं शिक्षण झालं, चित्रांत हात चांगला. पावसकडच्या एका आंबा बागायतदाराने तिला पेट्यांवरची लेबलं करायचं काम देऊ केलंय. आवडली तर पुढे सगळी छपाई तिच्याकडे. तिचा जुना लॅपटॉप मात्र चालू व्हायलाच इतका वेळ घेतो, की तेवढ्यात भात शिजेल. बागायतदाराला मोहोर गळायच्या आत लेबलं हवीत.

आणि ही काय करते? व्हिडिओ बघते! कुठली कुठली पोरं हातात लॅपटॉप उलटेपालटे करून सांगतात, नवी चिप येतेय, थांबा. दुसरा सांगतो, मेमरी महागतेय, आत्ताच घ्या. तिसरा म्हणतो, महागलीय ती उतरेल. तिचा बाप, म्हणजे तोच धाकटा, धपाटा खाल्लेला, सोफ्यावरून म्हणतो, "बाळा, घाई नको. जरा अंदाज घेऊ." ऐकताना मला त्याच्या बापाचा आवाज ऐकू येतो आणि चहा कडू लागतो.

परवा मी विचारलं, "लेबलांचं कुठवर आलं?"

"झालीत ना आजी. फक्त लॅपटॉपवर घ्यायची राहिलीत." आणि तिने वही काढली. पानामागून पान, पेन्सिलीने आखलेलं, रंग भरलेलं, कोपऱ्यात पानाफुलांची वेल. सुरेख. एकही चूक नाही.

मी वही मिटली. म्हटलं, "चपला घाल."

"कुठे?"

"दुकानात."

"अगं पण आजी, दोन महिन्यांत नवीन..."

"दोन महिन्यांत आंबा उतरेल. चपला घाल."

दुकान तेच, काच मोठी झालेली. दुकानदारही तोच, केस पांढरे, पोट पुढे. मला ओळखलं नाही. नातीने विचारायला सुरुवात केली, हा घेऊ की पुढचा येईपर्यंत थांबू, त्याच्यात अमुक असेल का, तमुक असेल का. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, एक गंमत सांगतो. मी दुकान टाकलं तेव्हा एक काकू आल्या होत्या. मला म्हणाल्या, शेवटचा कॉम्प्युटर आला की फोन करा. तेव्हापासून जो कोणी थांबतो म्हणतो, त्याला मी त्या काकूंची गोष्ट सांगतो. निम्मं दुकान त्यांच्यावर चाललंय माझं."

नात खो खो हसली. "कोण हो असली बाई?"

मी दुसरीकडे बघून गप्प बसू शकले असते. पण म्हातारपणाचा एक फायदा असतो, लाज गेलेली असते. मी पर्स काउंटरवर आपटली आणि म्हटलं, "मी! आणि हिला आत्ता जो आहे तो द्या. बांधून."

नात माझ्याकडे बघत होती, आणि दुकानदार तिच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे. मग त्याने चष्मा वर केला, नीट निरखलं, आणि ज्या आवाजात तेव्हा बोलला होता त्याच आवाजात, जराही न हसता म्हणाला,

"काकू, शेवटचा अजून आला नाही हो. नंबर तोच आहे ना?"