दीपमालाचा डेस्कटॉप

जमिनीचे नकाशे काढणारी दीपमाला चार दिवस लातूरच्या ऑफिसात आणि तीन दिवस नांदेडच्या घरी काम करायची. नवरा वारल्यापासून त्या घरात ती एकटीच होती. घरातला जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा दुकानदार शहेबाज म्हणाला, "ताई, तुमचं फिरतीचं काम हाय. लॅपटॉपच घ्या, कुठंबी बसून करता येतंय."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "लॅपटॉप असला तर मी लातूरलाच राहीन. घरी यायला कारणच उरणार न्हाई."

शहेबाजनं डेस्कटॉप बांधून दिला. तिनं तो नवऱ्याच्या टेबलावर मांडला.

अजूनही दर शुक्रवारी ती एसटीनं नांदेडला येते. शेजारीण दारातून विचारते, "आलात का?" पुढच्या तीन दिवसांत बहुतेक तेवढंच बोलणं होतं.