विहीणबाई पेला पारखतात

आमच्या विहीणबाईंना देवानं शंभर वर्षं आयुष्य द्यावं. पण त्यानंतर त्या स्वर्गात गेल्या आणि तिथं कोणी अमृत पुढं केलं, तर त्या आधी पेला रिकामा करायला लावतील, उलटा करून त्याचं बूड बघतील आणि मग नाक आत घालतील. तोवर अमृत संपलं तरी चालेल, पण असल्यातसल्या पेल्यातून त्या ते घेणार नाहीत. शेजारी एखादं लहान मूल बसलेलं असेल तर त्यालाही घेऊ देणार नाहीत.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. मी पेणला रामवाडीत, त्या रोह्याला. लेक-जावई दोघंही कंपनीत, शिफ्टप्रमाणे जातात, त्यामुळे तीन वर्षांची नात दिवसभर विहीणबाईंपाशी. बाकी सगळ्या बाबतीत बाई अगदी साधी. साडी कोणती दिली ते बघणार नाहीत, भाजीत मीठ कमी पडलं तर बोलणार नाहीत. पण नातीच्या ओठाला काय लागतंय, इथं आल्या की त्यांच्या अंगात फौजदार येतो. प्लास्टिकचा पेला असेल तर त्यात कढत पाणी ओतायचं, वर ताटली झाकायची, स्तोत्र म्हणून होईपर्यंत थांबायचं आणि मग ताटली काढून वास घ्यायचा. जरा जरी वास आला की तो पेला बाथरूममध्ये साबण ठेवायला जातो. रंगीत चित्राचा कप असेल तर त्यात लिंबू पिळून दुपारपर्यंत ठेवायचा आणि पांढऱ्या फडक्यानं आतून पुसायचं. फडक्याला रंग लागला की कप तुळशीत माती घालायला. स्टीलच्या पेल्याच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवायचा. कापूस अडकला तर पोराचा ओठ पण अडकेल, असा हिशेब. एकदा पेणच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी त्यांना घेऊन गेले, तर त्यांनी ओळीनं अकरा पेल्यांचे वास घेतले. दुकानदार बिचारा शेवटी म्हणाला, "मावशी, अत्तरवाला पलीकडल्या गल्लीत हाय." त्यावर विहीणबाई शांतपणे बाराव्याकडे वळल्या.

मी हौसेनं नातीला एक नळीवाला पेला नेला होता. झाकण, झाकणात नळी, नळीत रबराची चकती. विहीणबाईंनी तो ओट्यावर घेऊन उघडला, सात तुकडे काढले आणि मग ते सात तुकडे परत जोडायला आम्हा दोघींना काही केल्या जमेना. जावई आला, त्यालाही जमलं नाही, एक तुकडा उरायचाच. विहीणबाई म्हणाल्या, "जे धुवायला हात पोचत नाय, ते पोराच्या तोंडाला लावायचं नाय." मला त्या वेळी राग आला होता. आता वाटतं, हे वाक्य दुकानावर लिहून लावायला हवं.

आणि वडखळचं ते लग्न. मंडपात टेबलावर पातळ प्लास्टिकचे पेले रचलेले, त्यात मुलांना गरम गरम दूध देत होते. विहीणबाईंनी बटव्यातून आपला स्टीलचा पेला काढला आणि नातीला त्यात दूध दिलं. शेजारची दोन पोरं बघत उभी राहिली, मग त्यांना दिलं. मग आणखी चार आली. दर पोरामागे पेला विसळायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. पंगती उठल्या, वरात निघाली, विहीणबाई नळापाशीच. जेवल्या नाहीत. मी चिडले, तर म्हणाल्या की सात पोरं नीट प्यायली ना, झालं तर.

आता माझ्या मनातलं सांगते. नातीच्या उष्टावणाला माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या मामानं, रीतीप्रमाणे चांदीची वाटी दिली. मी दिला पितळी पेला. माझी आई गडब गावची, हा तिचा. त्यातून मी पाणी प्याले, माझी लेक प्याली. आता नातीनं प्यावं एवढंच मला हवं होतं. द्यायच्या आधी दोन दिवस चिंच-मीठ लावून, वर रांगोळी घेऊन, बाहेरून-आतून असा घासला की सोन्यासारखा झाला. विहीणबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि कपाटात ठेवला. तो कपाटातच. जाईन तेव्हा बघायची, पेला तिथंच. वर्ष उलटून गेलं. मी लेकीला बोलून घेतलं, की तुझ्या सासूला आमच्या घरचं काही पसंत नाही, पारखून पारखून माझ्या आईलाच नापास केलं.

गेल्या वर्षी असंच रोह्याला गेले होते. विहीणबाई मासळी आणायला गेल्या होत्या, घरात मी आणि नात. मी कपाट उघडलं, पेला काढला आणि भरून ताक दिलं. दोन घोट प्यायली, खेळायला पळाली. परत आली, दोन घोट. असं अर्धा-पाऊण तास चाललं. मग पोरीनं तोंड वाकडं केलं आणि भडभडून ओकली. तेवढ्यात विहीणबाई दारात. त्यांनी पिशवी टाकली, पोरीला बघितलं, पेल्यात बघितलं. ताकाला हिरवट झाक आलेली. तिला उचललं आणि अनवाणी डॉक्टरकडे निघाल्या. मागे मी.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते बाहेर पडलंय, घाबरू नका. घरी येऊन पोरगी भाकरी मागायला लागली तेव्हा मला रडू फुटलं. पितळेत ताक कळकतं हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? पण माझ्या डोक्यात पेल्याला आतून कथलाची कल्हई होती. विहीणबाई माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "कल्हई व्हती. तुम्ही रांगोळीनं घासलात ना गो, त्यात गेली."

आतूनही सोन्यासारखा दिसला, तो म्हणून. मायेनं घासून घासून मीच त्याचं अस्तर काढलं होतं. मी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं, मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं दुकानदारांना तोंडावर सांगणारी ती बाई पदराशी चाळा करत बसली.

"तुमच्या आयशीचा पेला. त्याला कशी खोट काढू?"

वर्षभर त्या कल्हईवाला शोधत होत्या. गल्लीत आता कुठं येतात ते. मिळेल, गुपचूप करून घेऊ, मग पोरीला देऊ, असा बेत.

संध्याकाळी लेक शिफ्टवरून आली. पोरगी मलूल दिसली, तिनं विचारलं. मी तोंड उघडणार तोच विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या हातनं चुकलं. ताक मीच दिलं त्यात." लेक सासूवर चिडली, बरंच बोलली. त्या ऐकत राहिल्या आणि मला डोळ्यानं गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी मी लेकीला खरं सांगितलं, पण तोवर ती बोलणी त्या खाऊन बसल्या होत्या.

कल्हईवाला पुढं सापडला. कथील कुठलं, त्यात शिसं मिसळलंय का, हे विचारून त्याचा भाता दोनदा थांबवला म्हणे. नात आता त्या पेल्यातून पाणी पिते. फक्त पाणी.

मला मात्र एकच धास्ती होती, की पोर आता माझ्याकडे एकटी म्हणून कधी ठेवायची नाहीत. ठेवू नयेच, असंही वाटायचं. तर मागच्या महिन्यात विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्या स्वतः नातीला घेऊन पेणला आल्या. मला वाटलं, आता माझ्या फळीवरचा एकेक पेला खाली येणार. त्यांनी पाणीसुद्धा मी दिलं त्या भांड्यातून प्यायलं. चार दिवस सांभाळा, म्हणाल्या आणि गेल्या. चार दिवसांत फोन आला तो पोरगी रडत नाही ना, एवढं विचारायला. मी तर उत्तरं तयार करून बसले होते.

पाचव्या दिवशी न्यायला आल्या, काळा चष्मा लावून. मला राहवेना. म्हटलं, विहीणबाई, कशातून पाणी दिलं एवढं तरी विचारा.

"कशाला?" म्हणाल्या. "तुम्ही हायत ना."

दोघी एसटीत बसल्या. नातीनं खिडकीतून हात हलवला, त्यांनी चष्म्यामुळं भलत्याच दिशेला हलवला. मी घरी येऊन ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले. इतका विश्वास टाकू नये माणसानं; त्यापेक्षा त्या माझ्या पेल्यांचे वास घेऊन गेल्या असत्या, तर मला जरा हलकं वाटलं असतं.