डब्यातलं पीस

संस्थेच्या रानात एकोणीस वर्षं राखणदारी करून माणसाला नाव काय मिळालं, तर पिसंवाला. साहेबांपासून फाटकावरच्या चौकीदारापर्यंत सगळे तसंच म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे. पुढे त्याच नावाची त्याला शिसारी आली, तीच हकीकत सांगायची आहे.

रान म्हणजे काय, संस्थेच्या इमारतीमागची दहा-बारा एकरांची जागा. दरवर्षी तिथे शाळांची स्पर्धा भरायची. वीस शाळा, प्रत्येकी चार मुलं, हातात रानाचा नकाशा आणि पाच प्राण्यांची यादी. तीन तास हिंडायचं, कुठे पीस, कुठे लेंडी, कुठे उकरलेली माती, ते टिपायचं. मग खोलीत बसून लिहायचं, की या प्राण्यांना इथे सुखानं राहता यावं म्हणून काय करावं. झुडूप कुठलं ठेवावं, कुठलं छाटावं, पाणी कुठे साठवावं. पोरं जीव ओतून लिहीत. मग ते कागद कपाटात जात, आणि कपाटातून बाहेर आलेला एकही कागद पिसंवाल्यानं पाहिला नव्हता.

यादीत पहिला मान तित्तराचा. सुरुवातीची पाच वर्षं तित्तर होतेही, काटेरी झुडपांच्या बुडाशी, पायाखाली येईपर्यंत उडायचे नाहीत असे. पण मुलांचे पाय ओरबाडतात म्हणून साहेबांनी झुडपं छाटायला सांगितली, नि यानंही इमानेइतबारे छाटली. वाटा रुंद झाल्या. वर ऐंशी पोरांची पायपीट. सहाव्या वर्षी तित्तराचं पीस औषधालाही सापडलं नाही. मुलं हिरमुसली. साहेब म्हणाले, "पिसंवाले, पोरं अशी रिकाम्या हातांनी परत जायला लागली तर पुढच्या वर्षी येईल कोण?"

तेव्हा त्यानं घरचा पत्र्याचा डबा उघडला. जुनी पिसं होती त्यात, हौसेनं जमवलेली. एक काढून गवतात ठेवलं. एकच हं, म्हणाला मनाशी. पुढच्या वर्षी तीन ठेवली. मग सशाच्या लेंड्या, साळिंदराचा काटा, सगळा संसारच डब्यातून निघायला लागला. पिसांना कसर लागते म्हणून बायकोनं त्यात डांबरगोळ्या टाकल्या. स्पर्धेच्या आधी चार दिवस तो पिसं उन्हात ठेवायचा, वास जावा म्हणून. रान दरवर्षी ओसाड होत होतं आणि स्पर्धा दरवर्षी झोकात होत होती. त्याला हे कळत नव्हतं असं नाही, पण कळून करतो काय बिचारा? बिचारा म्हणायची तरी सोय आहे का, तेही तुम्हीच ठरवा.

शिंप्याची पोरगी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी रानात यायची. दिसेल ती वस्तू नाकाला लावायची, म्हणून तिच्या शाळेतली पोरं तिला नाकाडी म्हणत. पिसंवाल्यानंच लावलेली सवय ती. "बघून सांगू नकोस, हुंगून सांग," म्हणायचा. लेंडी कालची की परवाची, बिळात कुणी राहतं की ते सोडून दिलेलं आहे, पोरगी बिनचूक सांगायची. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ती आली की बायको चहाला तिसरा कप काढायची.

पहिल्या आलेल्या शाळेच्या मुलांना संस्थेच्या वन्यजीव अभ्यासक्रमाला थेट प्रवेश मिळे. नाकाडीला तो हवा होता. नाहीतर बापाचं दुसरं मशीन रिकामंच होतं, ते तिची वाट बघत होतं.

नाकाडी स्पर्धेत उतरली त्या वर्षी आधीचे चार दिवस ऊन पडलंच नाही. पिसं तशीच ठेवावी लागली.

दुपारी परीक्षकांच्या खोलीतून त्याला बोलावणं आलं. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि दोन परीक्षक, दुसऱ्या बाजूला नाकाडी आणि तिचे तीन सोबती. साहेबांनी कागद वाचून दाखवला. पोरीनं लिहिलं होतं, "या जागेत तित्तर नाही. सापडलेल्या पिसाला डांबरगोळीचा वास येतो, म्हणजे ते घरातून आणलेलं आहे. झुडपं छाटल्यामुळे आणि फार माणसं फिरल्यामुळे पक्षी गेले असावेत. उपाय: पाच वर्षं झुडपं वाढू द्यावीत आणि स्पर्धा इथे भरवू नये."

एक परीक्षक हसला. साहेब हसले नाहीत. "पिसंवाले, रान तुमच्या हाती आहे. तुम्हीच सांगा, पीस कुठलं?"

रान त्याच्या हाती, खोली संस्थेची, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. आणि याहून मोठी गोष्ट, तेरा वर्षांची लबाडी चार पोरांसमोर कबूल करायची.

"ताजं आहे साहेब," तो म्हणाला. "सकाळीच पक्षी उडालेला पाहिला मी."

पोरगी त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. राग असता तर त्याला सोसलं असतं.

"काका, तुम्ही स्वतः पाहिलात?"

"पाहिला."

"मग माझंच नाक चुकलं," ती म्हणाली. तिनं कागद मागून घेतला आणि स्वतःच्या पेनानं त्या ओळी खोडल्या, पट्टी लावून, नीट. तिची शाळा अठरावी आली.

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि चहाचा कप हातात न देता जमिनीवर ठेवला. "एवढी अक्कल शिकवलीत तिला, आणि खरं सांगायच्या वेळी जीभ झडली होती का?" त्यानं कप उचलून घेतला. रोज ठरवायचा, उद्या जाऊन सांगतो. उद्या करता करता वर्ष गेलं. पोरगी रानात परत आली नाही.

पुढच्या वर्षी त्यानं पिसं उन्हात ठेवलीच नाहीत. उलट प्रत्येक पिसाजवळ गवतात एकेक डांबरगोळी ठेवली, पांढरीशुभ्र, आंधळ्यालाही कळावी अशी. कुणीतरी हुंगेल, कुणीतरी ओरडेल, आणि या वेळी आपण हो म्हणू. सबंध सकाळ तो झाडाआडून बघत राहिला. मुलं आली, वाकली, पट्टीनं पीस मोजलं, लिहिलं नि पुढे गेली.

संध्याकाळी कागद गोळा करताना त्यानं पहिल्या आलेल्या शाळेचा कागद वाचला. "तित्तराचं पीस, ताजं. शेजारी अंडं, एक, लहान, पांढरं." परीक्षकानं अंड्याबद्दल अर्धा गुण जास्त दिला होता.

तो तसाच साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, ते अंडं नाही. डांबरगोळी आहे. माझ्या डब्यातली. पिसंही डब्यातलीच, तेरा-चौदा वर्षं. त्या शिंप्याच्या पोरीचं सगळं खरं होतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला काय माहीत नाही का ते? सहा महिने राहिलेत तुमचे. कशाला उकरता? जा, फाटक लावून घ्या."

त्यानं फाटक लावलं, गवतातली एक गोळी उचलून खिशात टाकली आणि चालत शिंप्याच्या दुकानात गेला. बाप गिऱ्हाइकाचं माप घेत होता. पोरगी दुसऱ्या मशीनवर बसून काजं करत होती. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि न थांबता सगळं सांगितलं. पीस, डबा, ऊन, खोटं. मग गोळी काढून मशीनच्या फळीवर ठेवली.

"तुझं नाक बरोबर होतं," तो म्हणाला. "मीच खोटं बोललो, पोरी. बघ हुंगून, हाच वास."

तिनं पाय थांबवला. गोळी उचलून नाकाजवळ नेली, दोनदा श्वास ओढला आणि खाली ठेवली.

"मला हल्ली वासच येत नाही, काका. दिवसभर कापडाची तुसं जातात नाकात. डॉक्टर म्हणतो, हे काम सोडलं तर कदाचित येईल."

तिनं सुईत दोरा ओवला, खालचा खण उघडला. आत गिऱ्हाइकांचे लोकरीचे कोट घडी करून ठेवले होते.

"गोळी ठेवून जा," ती म्हणाली. "यांच्यात टाकायला होईल."