नाखव्यांचे बुधवार

नाखवा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामोठ्याच्या क्लासमध्ये समीकरणं शिकवत होते. त्यांची मुलगी सुरेखा एवढंच म्हणाली, की बाबा सकाळी चहा पिऊन परत आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी मुलांना घरी पाठवलं, रिकाम्या वर्गात बसले... आणि रडू यायच्या आधी हसूच आलं. याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून नाखव्यांनी एकदा विचारलं होतं, की हा क्ष इतके दिवस सापडत नाही, तर त्याच्या घरी कोणी चौकशी केली का.

आमची ओळख झाली खांदा कॉलनीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत. फोन करण्याऐवजी मिस्ड कॉल द्यायचे ते दिवस. दर बुधवारी दुपारी आम्ही आठ जण तिथे गोल करून बसायचो, समुपदेशक मॅडम सोबत असायच्या. 'ग्रुप थेरपी' हे शब्द मी घरात उच्चारलेच नव्हते. शिवणक्लासला जाते, असं सांगितलं होतं. फळ्यासमोर उभी राहिले की छाती धडधडायची, हात कापायचा, आता इथेच मरणार असं वाटायचं. ईसीजी मात्र स्वच्छ. औषध चालू होतं, पण क्लास बंद होता आणि विद्यार्थ्यांना मी टायफॉईडचं कारण दिलं होतं. नाखव्यांना तर सुरेखाने शुगरवरच्या व्याख्यानाला म्हणून आणलं होतं. आमच्याकडे एकवार बघून ते म्हणाले, "सगलेच पेशंट दिसतात. तपासनार कोन?" त्या खोलीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. नाखव्यांपुरता तो मी सुरेखाला विचारून मोडते आहे.

ते उरणकडचे, सगळा जन्म होडीवर गेलेला. एका सकाळी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली आणि धाकटा भाऊ गेला. सुकाणू नाखव्यांच्या हातात होतं. तेव्हापासून ते लेकीच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे तोंड करून बसत, मासळीला शिवत नसत, आणि भावाच्या बायकोसमोर, लक्ष्मीसमोर, दोन वर्षांत एकदाही गेले नव्हते. ग्रुपमधले पहिले पाच बुधवार त्यांनी वाऱ्याच्या आणि जाळ्यांच्या गप्पांवर काढले, मी नुसतं नाव सांगून. सहाव्या बुधवारी ते म्हणाले, "तो बोलला व्हता, आज नको. मीच नेला." मांडीवर ठेवलेले त्यांचे हात थरथरत होते. असा हात माझ्या चांगल्या ओळखीचा होता. कोणी काही विचारायच्या आत मी बोलून गेले, की मला टायफॉईड वगैरे काही झालेला नाही, मला फळ्याची भीती वाटते. नाखव्यांनी मान वर केली. "फल्याची? फला काय मानसाला बुडवतो?" आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि आधी तेच हसले. मग आम्ही सगळे हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कित्येक महिन्यांनी हसत होते मी.

त्यानंतर आमचा एक करारच झाला म्हणा ना. मी क्लास पुन्हा सुरू केला, आणि पहिले पंधरा दिवस नाखवा दहावीच्या मुलांमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसले. अक्षर वाकडं यायचं. मुलं वळून वळून त्यांच्याकडेच बघत असल्यामुळे कोणाला ते दिसायचं नाही. मग माझी पाळी आली. ग्रुपमधले रिक्षावाले सलीमभाई आणि मी त्यांच्याबरोबर उरणला जाऊ लागलो. पहिल्या खेपेला ते रस्त्यावरूनच मागे फिरले, दुसऱ्या खेपेला धक्क्यावर दहा मिनिटं टिकले. तिसऱ्या खेपेला समोर लक्ष्मी सुकट वाळत घालत बसली होती. नाखव्यांचे पाय जागीच थांबले. ती उठून जवळ आली, पदराला हात पुसत म्हणाली, "दादा, तो गेला तो गेला. तुमी का गेलात?" ते खाली बसले आणि तिच्याबरोबर सुकट पसरू लागले. ऊन कलेपर्यंत आम्ही चौघं तेच करत होतो. मधे दुपारी तिने मासळीचं कालवण वाढलं, आणि नाखव्यांनी ते दोनदा मागून घेतलं.

ते पूर्ण बरे झाले, असं मी म्हणणार नाही. वादळाच्या बातम्या आल्या की ते पुन्हा मिटून जात. पण बुधवारी सगळ्यांच्या आधी हजर असत, नव्याने आलेल्याला पंख्याखालची खुर्ची देत. आजही बुधवारी दुपारी माझे पाय त्या जिन्याकडे वळतात.

परवा सुरेखा भेटली. म्हणाली, डॉक्टरांनी बाबांना तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आता आला नाहीत तरी चालेल. तरी दर बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. तिने एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "क्लासच्या बाईला अजून पुरता बरा वाटत नाय. मी नाय गेलो तर ती पन येनार नाय."

डॉक्टरांनी मलाही त्याच सुमारास मोकळं केलं होतं. नाखव्यांना एकटं वाटेल, म्हणून मी जात राहिले होते.